पलीकडच्या गल्लीतली पाटी

४ सप्टेंबर, मंगळवार

म्हणे फळांच्या भावावर संशोधन! मी विचारलं, "त्यात शोधायचं काय? पहाटे माल येतो, मी खडूने पाटीवर भाव लिहिते, लोक नाकं मुरडतात आणि घेऊन जातात. झालं!"

बाई तरुण आहे. व्यवस्थापनाच्या कॉलेजात शिकवते. केस विस्कटलेले, पिशवीचा एक बंद तुटलेला, पण नजर सरळ. मला "काकू" म्हणाली. म्हटलं, काकू घरी, दुकानात बाई म्हणायचं. लगेच "हो बाई" म्हणाली. तेवढं बरं वाटलं.

तिचा प्रश्न असा — घाऊक बाजारात भाव वाढला की दुकानातला भाव दुसऱ्याच दिवशी वाढतो. तिकडे उतरला की मात्र दुकानातला उतरायला वेळ लावतो. असं का? "चढताना उडी मारून, उतरताना कठडा धरून," म्हणाली. मी हसले नाही. वाक्य बरं होतं, पण.

मीही कॉमर्सची पदवीधर आहे हे मुद्दाम कानावर घातलं. मागणी-पुरवठ्याच्या रेघा अजून झोपेतसुद्धा काढीन. तर म्हणते, "त्या रेघा पुस्तकात सरळ असतात बाई, गल्लीत आल्या की वाकतात." आगाऊ आहे.

गेलं वर्षभर तिचे विद्यार्थी ह्या भागातल्या सगळ्या फळवाल्यांच्या पाट्यांचे रस्त्यावरून फोटो काढतायत. आता आत येऊन प्रश्न विचारायला परवानगी हवी. दिली. माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?

जाताना दारात थांबली. "मागच्या गल्लीतलं दुकान तुमच्या बहिणीचं ना?"

म्हटलं, हो.

आणि केळ्यांचे घड सारखे करायला वळले.

५ सप्टेंबर

निवडणारीण दहाला आली. (माझ्याकडे फळं निवडते — डागी एकीकडे, चांगली एकीकडे. हात असा चालतो की बघत राहावं. तोंडही तसंच चाललं असतं, मी चालू देत नाही म्हणून.) ती मागच्या गल्लीतूनच येते. आल्या आल्या हात धुते आणि धाकटीच्या पाटीवरचे भाव एका दमात म्हणून दाखवते, पाढे म्हणावेत तसे. सफरचंद, संत्री, द्राक्षं, केळी, नाशपाती. मी मान हलवते, कामाला लागते.

आमचा नियम पहिल्या दिवसापासूनचा आहे — फक्त भाव. धाकटी कशी दिसते, कोणाशी हसली, काय म्हणाली — एक अक्षर नको. हा नियम तिलाच नाही, सगळ्यांना. गल्लीतल्या शिंपिणीने एकदा मोडून पाहिला. वर्षभर तिला माझ्या दुकानातून केळंसुद्धा मिळालं नाही. तेव्हापासून सगळ्यांनी कानाला खडा लावला.

आज निवडणारीण म्हणाली, "बाई, तिकडचं एक सांगायचं होतं केव्हापासून—"

"भाव सांगून झाले?"

"झाले."

"मग नाशपाती निवडायला घे."

घेतली. पण तोंड फुगवून.

लोकांना वाटतं मी दगड आहे. इथे लिहायला हरकत नाही — कोणी तिच्याबद्दल काही सांगितलं की माझा अख्खा दिवस वाया जातो. वजन करताना हात थांबतो. भाव ऐकला की मात्र पुरतं. म्हणजे ती आहे. सकाळी उठली, दुकान उघडलं, खडू हातात घेतला. तेवढं कळलं की मला दिवस काढता येतो.

९ सप्टेंबर, रविवार

दुपारनंतर दुकान बंद. घरी आले. नाशपाती कापली, अर्धी खाल्ली. अर्धी उरतेच. लहानपणापासून अख्खी नाशपाती अशी मला कधी मिळालीच नाही, त्यामुळे पोटाला सवय नाही.

आज भांडण पुन्हा सगळं आठवलं. वडिलांच्या मागे दुकान आम्ही दोघींनी चालवलं, आणि चांगलं चालवलं! मी पाटी लिहायची, ती गिऱ्हाईक बघायची. तेच तर झालं. मी म्हणायची, पाटीवर लिहिलं तो भाव — राजाला तोच, रंकाला तोच. ती माणसाच्या तोंडाकडे बघून भाव सांगायची. गाडीतून उतरला त्याला चढा. नर्सबाई रात्रपाळी करून आली, तिला उतरता. एकदा भर दुकानात मी तिला म्हटलं, "हे दुकान आहे, अन्नछत्र नाही!" नर्सबाई तिथेच उभी होती. धाकटी मला म्हणाली, "ताई, तू माणसं बघतच नाहीस. पाटी बघतेस." आणि महिन्याच्या आत मागच्या गल्लीत स्वतःचं दुकान.

मी अजूनही म्हणते, भाव एकच असावा. माझं काही चुकलेलं नाही.

ताई म्हणणारी मात्र ती एकच होती. बाकी सगळ्यांची मी बाई.

१२ सप्टेंबर

सकाळी मुख्याध्यापक आले. निवृत्त होऊन जमाना झाला, पण छडी अजून जिभेवर आहे. चार लोकांसमोर म्हणतात, "दोन्ही दुकानं एकाच घराण्याची! इथे तोच भाव, तिथे तोच भाव. संगनमत आहे हे! तक्रार करीन!"

म्हटलं, "आमच्या घराण्यात मिळून चहाचं आधणसुद्धा ठेवत नाहीत. संगनमत कुठलं?"

"मग भाव तंतोतंत कसा जुळतो?"

मी केळी मोजायला घेतली. ते विजयी मुद्रेने ती घेऊन गेले.

पण खरंच, कसा जुळतो? धाकटीचा भाव पूर्वी असा नसायचा. कधी खाली, कधी वर, तिच्या लहरीवर. हल्ली निवडणारीण पाढा म्हणते तेव्हा मी पुढचा आकडा आधीच मनात म्हणते, आणि तो बरोबर निघतो. मी रोज ऐकते आणि माझ्या लक्षात आलं नाही! कॉमर्सची पदवी काय चुलीत घालायची?

प्राध्यापकिणीला विचारायला हवं.

१८ सप्टेंबर

आली. आलेख घेऊन आली. एक सफरचंद उचललं, स्वतःच पुसलं, खाल्लं, आणि पैसे द्यायला विसरली. संशोधक!

कागदावर दोन रेघा. एक माझी, एक धाकटीची. मेपर्यंत त्या रेघा म्हणजे एका रस्त्यावरून अंतर ठेवून चालणाऱ्या दोन बायका — मी वाढवला की ती थांबायची, मग वाढवायची, पण थोडा कमी. मी उतरवला की ती आधीच उतरलेली. मेनंतर मात्र एकीवर एक. वेगळी रेघ दिसतच नाही.

"कोण कोणाच्या मागे जातंय?" मी विचारलं.

"ते दुकान तुमच्या मागे."

मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

मग तिने एक फोटो दाखवला. जुलैतला. त्या दिवशी माल उशिरा आला होता, मी घाईत सफरचंदांपुढे संत्र्यांचा भाव लिहिला होता आणि संत्र्यांपुढे सफरचंदांचा. दुपारी पुसून नीट केला. दुसरा फोटो धाकटीच्या पाटीचा, त्याच सकाळचा. तीच चूक! दुपारनंतर तिच्याकडेही दुरुस्त.

"चूकसुद्धा?"

"चूकसुद्धा. विचार करून लिहिणारं माणूस चूक उचलत नाही, बाई."

"पण असं कोणी का करावं?"

म्हणाली, लहान दुकानदार असं बऱ्याचदा करतात. रोज बाजार फिरायचा, चार ठिकाणी चौकशी करायची, माल किती टिकेल ह्याचा अंदाज बांधायचा — भाव ठरवायला कष्ट पडतात. ज्याच्या अंदाजावर आपला विश्वास आहे त्याची पाटी बघितली की ते कष्ट वाचतात. सगळे त्याला संगनमत म्हणतात. पुष्कळदा तो नुसता विश्वास असतो.

विश्वास! हा शब्द तिने असा सहज टेबलावर ठेवला, सफरचंदाच्या देठाशेजारी.

"ह्या बाबतीत तेच आहे का?"

"आलेख एवढंच सांगतो की कोण कोणाच्या मागे. का, ते दुकानात जाऊन विचारावं लागतं."

"विचारलंत?"

"विचारलं. पण एका दुकानात ऐकलेलं दुसऱ्या दुकानात न्यायचं नाही. आमचा नियम आहे."

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं. त्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हळूच — "तुम्ही स्वतः का नाही विचारत?"

मी तिच्याकडून सफरचंदाचे पैसे घेतले.

१९ सप्टेंबर

कळलं मला! शाळेत आम्ही दोघी एकाच वर्गात; धाकटी माझ्या वहीतून गणितं उतरवायची, चुकांसकट. एकदा मी मुद्दाम उत्तर चुकवलं, तिनेही तेच लिहिलं. गुरुजींनी दोघींना उभं केलं. मी रडले, ती हसत होती. "ताई, तू चुकलीस तर मी पण चुकणार!"

ती मला चिडवते आहे. पाटीवरून! इतक्या वर्षांनी हाक मारायची तर अशीच मारणार ती. सरळ आली तर धाकटी कसली?

पण आधी बोलेन ती मी नव्हे. आणि समजा माझं काही चुकत असेल तर हसं नको. खात्री करायला हवी. शास्त्रशुद्ध.

२१ सप्टेंबर

आज नाशपातीचा भाव निम्मा लिहिला. खरेदीच्याही खाली. कॉमर्सच्या कोणत्याही पुस्तकात ह्याला वेडेपणाच म्हणतील. नाशपाती तिची आवडती — तिला कळायलाच हवं.

दहा वाजेपर्यंत मी चार वेळा रस्त्यावर जाऊन उभी राहिले. निवडणारीण आली. हात धुतले. सफरचंद, संत्री, द्राक्षं, केळी — इथे थांबली. म्हणाली, "बाई, तिकडे पण आज नाशपाती फुकटच काढलीय. काय चाललंय काय तुमचं दोघांचं?"

"दोघींचं," मी म्हटलं.

ती काहीतरी बोलणार होती. मी आत गेले. डोळे पुसायचे होते, ते हिच्यासमोर कशाला?

अकरापर्यंत नाशपाती संपली. मुख्याध्यापक पिशवी भरून घेऊन गेले. संगनमताचं नाव नाही!

२४ सप्टेंबर

प्राध्यापकीण तणतणत आली. "बाई, नाशपातीचं काय केलंत? माझे आकडे बिघडले!"

"तुमचे बिघडले, माझे सुधारले."

तिने कपाळाला हात लावला. तेवढ्यात मुख्याध्यापक आले, आणि दोघांची जुंपली. ते म्हणाले, भाव उतरताना दुकानदार मुद्दाम उशीर करतात. ती म्हणाली, भाव चढला की तुम्ही चार दुकानं फिरता, घासाघीस करता. उतरला की खूश होऊन पहिल्याच दुकानात घेता. गिऱ्हाईक फिरेनासं झालं की दुकानदाराला तरी घाई कशाला?

"म्हणजे चूक आमची?"

"अर्धी तुमची, अर्धी बाईंची."

दोघांनाही आवडलं नाही, म्हणजे खरं असणार. सुखात माणूस शोधत नाही, हे मात्र डोक्यात बसलं. आणि मी? मी तर दुःखातही उठून शोधायला गेले नाही. जागेवर बसून दुसऱ्याच्या तोंडून भाव ऐकत राहिले.

जाताना ती म्हणाली, "बाई, आता प्रयोग पुरे. जाऊन या. लवकर." शेवटचा शब्द कशाला लावला कोण जाणे. तरुणांना सगळ्याचीच घाई.

२५ सप्टेंबर

भाव नेहमीचे. तिचेही नेहमीचे.

२८ सप्टेंबर

शेवटचा प्रयोग. नाशपातीचं काय — कोणीही उतरवेल. मला असं काही लिहायला हवं होतं की जे फक्त तिलाच कळेल.

पाटीवर खाली लिहिलं — अंजीर. पुढे भाव.

अंजीर माझ्याकडे नाहीत. तिच्याकडेही नाहीत. दोन्ही दुकानांनी कधी ठेवलेच नाहीत, एका दिवसात नासतात. वडील मात्र वर्षातून एकदा करंडीभर आणायचे, विकायला नाही, आम्हाला. मी मोजून दोन वाटे करायची. धाकटी आपला वाटा गल्लीत फिरून वाटून टाकायची आणि मग माझ्यासमोर येऊन बसायची. गप्प. नुसती बघत. मी द्यायचीच शेवटी. दरवर्षी! हे तिसऱ्या कोणाला माहीत नाही.

सकाळपासून मी गिऱ्हाइकांना "अंजीर संपले" म्हणते आहे. आयुष्यात पहिल्यांदा पाटीवर खोटं लिहिलं.

निवडणारीण आली. सफरचंद, संत्री, द्राक्षं, केळी, नाशपाती — "आणि अंजीर! बाई, त्यांच्याकडे अंजीर कुठायत? मी वाकून बघितलं. एक नाही!"

मला हसू आवरेना. निवडणारीण घाबरली. तिने मला असं हसताना कधी बघितलं नव्हतं. पाणी आणून दिलं. म्हणाली, "बाई, आता तरी सांगू का मी—"

"नको. मीच जाऊन बघणार."

"जाणार?" तिने दोन्ही हात जोडले. "जा बाई. जाच!"

३० सप्टेंबर, रविवार

उद्या जायचं. सकाळी नको, सकाळी तिच्याकडे गर्दी असेल. दुपारी जेवणानंतर गिऱ्हाईक थंडावतं तेव्हा.

काय बोलायचं ते दिवसभर ठरवते आहे. माफी मागणार नाही. तिच्याकडूनही नको. भाव एकच असावा हे माझं मत कायम आहे, तिने विचारलं तर तेही सांगेन. नाही विचारलं तर नाही सांगणार. एवढी सवलत मी देऊ शकते.

आरशासमोर म्हणून पाहिलं — "कशी आहेस?" आवाज गिऱ्हाइकाला दरडावल्यासारखा आला. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा जरा बरा आला. दोन साधे शब्द, आणि इतकी वर्षं मी ते कोणालाही माझ्यासमोर उच्चारू दिले नाहीत.

केस पांढरे झाले असतील तिचे. ती रंगवत असेल! नक्की रंगवत असेल. मी काही बोलणार नाही.

तिथे बसायला काय असेल? खोकं असेल. चालेल मला. ती म्हणेल, "ताई, बस." बास. पुढचं ती बोलेल. बोलण्यात मी तिला कधी हरवलं नाही आणि आता हरवायचंही नाही.

१ ऑक्टोबर

गेले. गल्ल्यावर भाचा होता. "मावशी!" म्हणाला आणि उभाच राहिला.

धाकटी नाही. मे महिन्यातच गेली — मुलीकडे, गाडीने दिवसभराच्या वाटेवर. कायमची. गुडघे गेले, दुकानात उभं राहवेना. सगळ्यांना माहीत होतं. "तू कोणाला बोलूच देत नाहीस, मावशी. आईनेही बजावलं होतं, ती विचारेल तेव्हाच सांग."

आणि भाव?

"मला कुठे काय कळतं? तू पाटी लिहून आत गेलीस की रस्त्यापलीकडून फोटो काढतो आणि तसंच उतरवतो. आई म्हणाली होती, अडलास की ताईची पाटी बघ. माणसं बघत नाही ती, पण भाव चुकत नाही तिचा. पण मावशी, अंजीर कुठून आणायचे गं? किती गिऱ्हाइकं परत पाठवली मी!"

पत्ता घेतला. उद्या पहाटेची गाडी. म्हटलं, माझं दुकान काही दिवस बंद राहील.

तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याच्या पाटीकडे.

"मावशी, मग उद्या मी काय लिहू?"